कैसराचा मान

इ. स. १८० च्या जुलै महिन्याच्या १७ तारखेस उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज शहरीं, रोमन सुभेदार सॅटर्नायनस याच्या कचेरींत, स्किली नांवाच्या गांवचीं कांहीं माणसें उभीं करण्यांत आलीं. चोरी, दरवडा किंवा बंड असला कोणताहि आरोप त्यांच्यावर नव्हता. तीं ख्रिस्ती होतीं, एवढेंच. ह्या खटल्याची लॅटिन हकीकत आजहि उपलब्ध आहे. ती इतकी त्रोटक आहे कीं, वाचून संपविण्यास पांच मिनिटें पुरतात. परंतु ख्रिस्ती माणसानें राजसत्तेशीं कसें बोलावें, तिला कोणता मान द्यावा आणि कोणता देऊं नये, हा प्रश्न त्या चार ओळींत जितका स्पष्ट झाला आहे तितका मोठमोठ्या ग्रंथांतहि क्वचितच झालेला दिसतो.

सुभेदार कांहीं क्रूर मनुष्य नव्हता. तुम्ही शुद्धीवर याल तर बादशहांची क्षमा मिळेल, असें त्यानें आरंभींच सांगून टाकलें. आम्हीहि धर्मशील आहों, आमचा धर्म साधा आहे. आम्ही बादशहांच्या भाग्यदेवतेची शपथ वाहतों आणि त्यांच्या कल्याणासाठीं प्रार्थना करतों, तुम्हीहि तसेंच करा, असें त्याचें म्हणणें होतें. स्पेराटस नांवाचा एकजण सर्वांच्या वतीनें बोलत होता. आपण चोरी केली नाहीं आणि कांहींहि विकत घेतलें तरी त्यावरील कर भरतों, असें त्यानें सांगितलें. शपथ वाहण्यास मात्र तो तयार होईना. त्याच्या मागें उभी असलेली डोनाटा ही बाई याहूनहि थोडक्यांत बोलली. कैसराला मान द्यावयाचा तो कैसर म्हणून, भय धरावयाचें तें देवाचें, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. सुभेदारानें विचार करण्यास तीस दिवसांची मुदत देऊं केली. इतक्या सरळ गोष्टींत विचार कसला करावयाचा, असें म्हणून ती नाकारण्यांत आली. त्याच दिवशीं सात पुरुष व पांच स्त्रिया अशा बारा जणांचा तरवारीनें शिरच्छेद झाला.

ही हकीकत प्रथमच ऐकणाराला वाटेल कीं, एका शपथेसाठीं बारा जीव जावे, हा हट्टच नव्हे काय? रोमन अधिकाऱ्यांनाहि तसेंच वाटे. त्यांच्या दृष्टीनें धुपाचे चार कण अग्नीवर टाकणें म्हणजे निव्वळ मुजरा होता. मुजरा आणि पूजा यांतला भेद मराठी माणसाला समजावून सांगण्याचें कारण नाहीं. परंतु रोमन साम्राज्यांत हे दोन्ही विधि हळुहळू एकमेकांत मिसळून गेले होते. ख्रिस्तपूर्व २९ सालीं आशिया प्रांतांतील पर्गमम येथें रोम व ऑगस्टस यांच्या नांवें देऊळ बांधण्याची परवानगी मिळाली. ख्रिस्तपूर्व ९ सालीं त्याच प्रांतानें ऑगस्टसच्या जन्मदिवसापासून वर्षारंभ धरण्याचें ठरविलें. त्या ठरावाचा शिलालेख प्रीएनी येथें सांपडला असून, त्यांत बादशहाच्या जन्माला जगासाठीं शुभवर्तमानाचा आरंभ म्हटलें आहे. ग्रीक भाषेंतील तोच शब्द पुढें ख्रिस्ती लोकांनीं आपल्या चार ग्रंथांना लावला. शब्द एक, त्याचे धनी दोन! कलह अटळच होता.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी यानें ह्या मुजऱ्याचीच कसोटी बनविली. आरोपीनें देवतांच्या मूर्तींबरोबर ठेवलेल्या बादशहाच्या प्रतिमेपुढें धूप व मद्य वाहावें आणि ख्रिस्ताची निंदा करावी. केली तर तो सुटला. ट्राजन बादशहानें उत्तरीं कळविलें कीं, अशा लोकांना मुद्दाम हुडकीत बसूं नये आणि निनांवी अर्ज तर मुळींच घेऊं नयेत. पण गुन्हा शाबीत होऊनहि न वांकणाराला शिक्षा द्यावी. म्हणजे प्रत्यक्ष बादशहालाहि ह्या माणसांची भीति वाटत नव्हती. त्यांचें न वांकणें तेवढें त्याला खपत नव्हतें.

ख्रिस्ती लोक सत्तेचा द्वेष करणारे असते तर हा सारा इतिहास सोपा झाला असता. ते तसे नव्हते. रोम येथील मंडळीला पौलानें पत्र धाडलें तें इ. स. ५७ च्या सुमारास. त्या वेळीं गादीवर नीरो होता, आणि तरीहि ज्याला कर द्यावयाचा त्याला कर व ज्याला मान द्यावयाचा त्याला मान द्यावा, अशीच पौलाची शिकवण आहे. पेत्राच्या नांवावरील पहिल्या पत्रांत तर एक बारकावा आहे. तेथें राजाला मान देण्यास जें ग्रीक क्रियापद योजिलें आहे, तेंच त्याच्या आधीं यच्चयावत् सर्व माणसांना लावलें आहे. भय हा शब्द मात्र एकट्या देवासाठीं राखला आहे. राजा मानास पात्र आहे. पण तो मान वाटेवरच्या भिकाऱ्याला द्यावयाच्या मानाच्याच जातीचा! रोमच्या दरबारीं हें कितपत रुचलें असतें याची कल्पना करवते. मराठी बायबलांत ह्या राजासाठीं येणारा ‘कैसर’ हा शब्द आपल्याकडे १८७७ सालीं ‘कैसर-इ-हिंद’ ह्या पदवीच्या रूपानें दरबारी थाटांत मिरवला, हेंहि येथें सहज आठवतें.

मान देणें म्हणजे तोंड बंद ठेवणें, असाहि अर्थ त्या काळीं कोणी केला नाहीं. येशूनें हेरोद अंतिपासाला उघड कोल्हा म्हटलें. पौलानें मुख्य याजकाला चुना फांसलेली भिंत म्हटलें. पण तो मुख्य याजक आहे असें कळतांच, लोकांच्या अधिकाऱ्याविषयीं वाईट बोलूं नये असें शास्त्र आहे, हें त्यानें कबूल केलें. फेस्तस सुभेदाराशीं बोलतांना तर तो त्याच्या पदाला शोभेल असेंच संबोधन वापरतो. हीं उदाहरणें एका सुतांत ओंवतां येत नाहींत, आणि ओढून ताणून ओंवण्यांत अर्थहि नाहीं. पदाची अदब आणि माणसाच्या कृत्याचें परखड नांव, हीं दोन्ही त्या लोकांच्या तोंडीं एकत्र नांदत होतीं, एवढें खरें.

स्मर्ना येथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प याच्या मरणाच्या हकीकतींत ही अदब फार हृद्य रीतीनें दिसते. इ. स. १५५ च्या सुमाराची ही गोष्ट. त्याला पकडल्यावर शहरच्या कोतवालानें व कोतवालाच्या बापानें आपल्या गाडींत बसवून घेतलें आणि वाटेंत त्याची समजूत घातली. कैसर प्रभु आहे असें म्हणून थोडा धूप टाकला आणि जीव वांचविला तर काय बिघडलें? म्हातारा ऐकेना, तेव्हां त्यांनीं त्याला इतक्या घाईनें खालीं उतरविलें कीं, त्याच्या नडगीची सालटी निघाली. पुढें रंगणांत सुभेदारानें कैसराच्या भाग्यदेवतेची शपथ वाहण्यास सांगितलें. शहाऐंशीं वर्षें ज्याची सेवा केली त्याची निंदा कशी करूं, हें पॉलिकार्पाचें उत्तर सुप्रसिद्धच आहे. त्याच्या पुढचें बोलणें तितकें प्रसिद्ध नाहीं. लोकांची समजूत घाल, असें सुभेदारानें म्हणतांच तो म्हणाला कीं, तुम्हांला मीं उत्तर देणें योग्यच, कारण अधिकाऱ्यांना उचित मान देण्याची आम्हांला शिकवण आहे. ह्या जमावापुढें मात्र मी आपला बचाव मांडणार नाहीं. आपल्याला जाळावयास निघालेल्या अधिकाऱ्याचाहि मान त्यानें राखला; ओरडणाऱ्या गर्दीचा मात्र राखला नाहीं.

ह्या वृत्तीला वकिली धार दिली ती कार्थेजच्याच टर्टुलियननें. इ. स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या समर्थनग्रंथांत तो म्हणतो कीं, आम्ही बादशहासाठीं दीर्घायुष्य, निर्वेध राज्य, शूर सैन्य, विश्वासू सेनेट आणि शांत जग मागतों. पण मागतों तें त्याच्याजवळ नव्हे, त्याच्यासाठीं. सारा वाद ह्या एका विभक्तीचा आहे! बादशहाला देव म्हणणें ही त्याची थट्टाच होय. विजयाच्या मिरवणुकींत रथावर त्याच्या मागें उभा राहून, तूं मनुष्य आहेस याची आठवण देणारा असतोच, तें काम आम्ही करतों, असा त्याचा युक्तिवाद आहे. शेवटीं तो एक जहरी प्रश्न टाकतो: आजवर बंडें केलीं कोणीं? अव्हिडियस कॅसियस, नायगर, अल्बायनस यांच्या पक्षांचे लोक कोठून आले? सणावारीं दारांना तोरणें बांधून बादशहाच्या नांवानें ज्यांनीं शपथा वाहिल्या त्यांच्यांतूनच ना? प्रश्न बिनतोड होता. टर्टुलियनची लेखणी नेहमीं न्यायानें चालते असें नाहीं. पण खुशामत आणि निष्ठा यांची फारकत त्यानें येथें जशी केली आहे तशी दुसऱ्या कोणीं केलेली आढळत नाहीं.

तरवारीपुढें पास झालेली ही माणसें मेजवानीपुढें मात्र डगमगलीं. इ. स. ३०३ मध्यें डायोक्लीशनच्या हुकुमानें प्रार्थनामंदिरें पाडलीं गेलीं होतीं. ३१३ मध्यें उपासनेची मोकळीक मिळाली. ३२५ मध्यें नायसियाच्या परिषदेनंतर खुद्द बादशहा कॉन्स्टंटाइन धर्माध्यक्षांना राजवाड्यांत जेवूं घालीत होता. नागव्या तरवारी घेतलेल्या शिपायांमधून हे लोक निर्भयपणें आंत गेले; तें दृश्य ख्रिस्ताच्या राज्याच्या चित्रासारखें भासलें, असें युसीबियस लिहितो. बावीस वर्षांपूर्वींच्या आठवणी ताज्या असलेल्या माणसांना तसें वाटलें असल्यास त्यांना हंसूं नये. पण हाच युसीबियस पुढें कॉन्स्टंटाइनचें चरित्र लिहितो तेव्हां राजपुत्र क्रिस्पस त्यांतून नाहींसा होतो. आपल्या आधींच्या इतिहासांत त्यानें ह्याच क्रिस्पसची तोंडभर स्तुति केली होती. इ. स. ३२६ मध्यें बापानें मुलाला ठार करविलें, आणि चरित्रकारानें लेखणी मिटून घेतली. कॉन्स्टँटिनोपल येथील स्तंभावर बादशहाचा पुतळा बसला. त्याच्यापुढें ख्रिस्ती लोक दिवे लावतात आणि धूप जाळतात, असा आरोप फिलॉस्टॉर्जियस ह्या ख्रिस्ती इतिहासकारानेंच करून ठेवला आहे. तो विरुद्ध पंथाचा असल्यानें त्याच्या शब्दांत थोडें विष असेल. परंतु स्किलीच्या बारा जणांनीं जो धूप टाळला त्याचा वास येथें आल्यावांचून राहत नाहीं.

गमतीची गोष्ट अशी कीं, ह्या भाटगिरीला एकदां अटकाव केला तो खुद्द बादशहानेंच. एका धर्मोपदेशकानें कॉन्स्टंटाइनला तोंडावर धन्य म्हटलें. तुम्ही इहलोकीं सर्वांवर राज्य करीत आहां व परलोकीं देवपुत्राबरोबर राज्य कराल, असें तो म्हणाला. बादशहा रागावला. असलें धाडसाचें बोलूं नका, दोन्ही लोकीं देवाचा दास होण्यास मी पात्र ठरावें म्हणून माझ्यासाठीं प्रार्थना करा, असें त्यानें बजावलें. ही हकीकत युसीबियसनेंच नोंदविली आहे.

मिलानचा अध्यक्ष अँब्रोझ हा स्वतः पूर्वीं सुभेदार होता. दरबाराची भाषा त्याला ठाऊक होती आणि तिचा उपयोग त्यानें नेहमींच चांगल्या कामीं केला असें म्हणवत नाहीं. ३८८ मध्यें युफ्रेटिस नदीकांठच्या कॅलिनिकम गांवीं ख्रिस्ती जमावानें यहुद्यांचें सभास्थान जाळलें. तेथील अध्यक्षानें तें भरून द्यावें हा थिओडोशियस बादशहाचा हुकूम न्यायाचा होता. अँब्रोझनें भर मंदिरांत त्याला अडवून तो मागें घ्यावयास लावला. सत्तेशीं निर्भयपणें बोलणें म्हणजे प्रत्येक वेळीं सत्य बोलणें नव्हे, याचें हें कटु उदाहरण होय.

दोन वर्षांनंतर प्रसंग निराळा आला. ३९० मध्यें थेसलोनिका शहरांत एका लोकप्रिय सारथ्याला कैदेंत टाकल्यावरून दंगा होऊन बुथेरिक हा सेनापति मारला गेला. बादशहानें सूड म्हणून शहरावर सैन्य सोडलें. थिओडोरेट ह्या इतिहासकारानें मृतांचा आंकडा सात हजार दिला आहे. अँब्रोझनें त्याला मंदिराच्या दारांत हात धरून अडविलें, ही पुढें चित्रकारांनीं रंगविलेली गोष्ट त्याच थिओडोरेटची आहे. आधुनिक इतिहासकार ती खरी धरीत नाहींत. खरें होतें तें एक पत्र. अँब्रोझ आजारपणाचें निमित्त सांगून शहराबाहेर गेला आणि तेथून त्यानें स्वतःच्या हातानें, लेखनिकालाहि कळूं न देतां, एकट्या बादशहानें वाचावें म्हणून तें लिहिलें. त्यांत बादशहाच्या श्रद्धेची कदर आहे, रागीट स्वभावाचा उल्लेख आहे, नाथान संदेष्ट्यानें दाविद राजाची कानउघाडणी केली त्याचें स्मरण आहे, आणि आपण समोर असाल तर मला प्रभुभोजनाचा विधि चालवितां येणार नाहीं, असें स्वच्छ सांगितलें आहे. चारचौघांत अपमान नाहीं, आणि एका शब्दाची सूटहि नाहीं.

थिओडोशियसनें राजचिन्हें उतरवून मंदिरांत सर्वांदेखत पश्चात्ताप केला. तो १७ जानेवारी ३९५ रोजीं वारला. चाळीसाव्या दिवशीं मिलान येथें अँब्रोझ बोलावयास उभा राहिला तेव्हां समोर दहा वर्षांचा होनोरियस आणि सैन्य होतें. अशा वेळीं मृताच्या लढाया सांगाव्यात ही रीत. त्याहि त्यानें सांगितल्या. परंतु त्या मुलाच्या आणि त्या शिपायांच्या देखत त्यानें थेसलोनिकानंतरचें तें रडणें पुन्हां बोलून दाखविलें, आणि स्तुति करणाऱ्यापेक्षां दोष दाखविणारा ज्याला अधिक मानवला अशा ह्या माणसावर आपलें प्रेम होतें, असें सांगितलें.