डाकेची माणसे

खेळाच्या संघाला नाव देताना माणसे प्राण्यांकडे धाव घेतात; वाघ, सिंह, चित्ते यांची कुठेच वाण नसते. स्वीडन देशातले मोटारसायकल-शर्यतींचे संघही याला अपवाद नाहीत. नोर्शोपिंगचा संघ 'लांडगे' म्हणवतो, स्टॉकहोमच्या एका जुन्या संघाने 'गांधीलमाशा' हे नाव घेतले होते. लोखंडकामासाठी प्रसिद्ध असलेल्या एस्किलस्टुना शहराने तेवढा 'लोहार' म्हणवण्यात अभिमान मानला. पण मोलिल्ला नावाच्या एका खेड्याने आपल्या संघाला जे नाव दिले, ते पाहून माझ्यासारख्या कर्जतकराचे कान टवकारले. त्या संघाचे नाव 'डाकार्ना'. म्हणजे डाकेची माणसे. आणि हा डाके कोण? तर राजाविरुद्ध उठलेला एक शेतकरी!

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. त्याला 'स्पीडवे' म्हणतात. मातीची लंबवर्तुळाकार धावपट्टी, तिच्यावर चार स्वार, चार फेऱ्या. एका मिनिटाच्या आसपास सारा निकाल. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला भोपळा! गाडी पाचशे सीसीची, एकाच गिअरची. आणि वाचकहो, तिला ब्रेक नसतो. विसरला म्हणून नव्हे, नियमानेच नसतो. मागच्याने अचानक थांबलेल्या पुढच्यावर आदळू नये, हा त्यातला विचार. वळण आले की स्वार डावा पाय जमिनीला टेकवतो; त्या बुटाला पोलादी तळ असतो. मागचे चाक तो मुद्दाम घसरू देतो, आणि गाडी आडवी होत, मातीचा फवारा उडवीत वळण कापते. इंधन म्हणून मिथेनॉल वापरतात.

या खेळाचा पाळणा हलला तो ऑस्ट्रेलियात. 1923 साली मेटलंड गावच्या कृषिप्रदर्शनात जॉनी हॉस्किन्स नावाच्या गृहस्थाने अशा शर्यती भरवल्या, ही त्याची सर्वमान्य जन्मकथा. 1928 साली तो इंग्लंडात पोचला आणि तिथून उत्तर युरोपात पसरला. दुसरे महायुद्ध संपल्यावर स्वीडनमध्ये त्याने मूळ धरले. 1948 साली तिथे संघांची साखळी स्पर्धा सुरू झाली. पुढे ऊवे फुंडिन या स्वीडिश स्वाराने 1956, 1960, 1961, 1963 आणि 1967 असे पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले. 1961 सालची अंतिम फेरी मालमो शहरात झाली, तेव्हा पहिले तिन्ही क्रमांक स्वीडनच्याच स्वारांनी घेतले: फुंडिन, क्नूटसन आणि नुर्दीन.

या वैभवकाळात मोलिल्ला कुठे होते? अगदी मध्यभागी! स्मोलांड प्रांतातले हे गाव. आजही वस्ती दीड हजारांच्या आसपास. चहूकडे सूचिपर्णी रान, दगडाळ जमीन. पण 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन वर्षे देशाचे अजिंक्यपद या खेड्याच्या संघाकडे होते. रूने सोर्मांडर हा त्या काळचा त्यांचा मोहरा. मोठमोठ्या शहरांच्या संघांना नमवून लोक घरी परतत ते या गावात. त्यानंतर चढउतार झालेच. 2007 साली अजिंक्यपद पुन्हा गावात आले. जागतिक अजिंक्यपद मालिकेतली स्वीडनची फेरीही अनेकदा इथेच भरली आहे. दीड हजारांच्या गावात साऱ्या जगातले स्वार उतरतात!

गावाची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 29 जून 1947 रोजी इथे 38 अंश तापमान नोंदले गेले, त्या देशाच्या सर्वोच्च नोंदींपैकी एक. त्या पराक्रमाच्या आठवणीसाठी गावकऱ्यांनी चौकात पंधरा मीटर उंचीचा तापमापक उभारला आहे. 38 अंशांसाठी! चैत्र-वैशाखातले कर्जत आणि खोपोली पाहिलेल्या माणसाने यावर काय बोलावे? त्या हिशेबाने आमच्याकडे घरटी एक मनोरा लागेल.

आता डाकेकडे वळू. सोळाव्या शतकात गुस्ताव वासा या राजाने नवे कर लादले, देवळांतली चांदी उचलून नेली आणि सीमेपलीकडच्या डॅनिश मुलुखाशी चालणारा बैलांचा व्यापार बंद केला. स्मोलांडच्या शेतकऱ्याचे पोट त्या बैलांवर होते. 1542 च्या उन्हाळ्यात नील्स डाकेच्या मागे शेतकरी उठले. रानाचा आडोसा आणि हातात धनुष्ये, एवढ्या बळावर त्यांनी राजाच्या भाडोत्री जर्मन शिपायांना असे जेरीस आणले की राजाला काही काळ तह करावा लागला. पण 1543 च्या मार्चमध्ये मोलिल्लाजवळच्या विर्सेरूमच्या परिसरात डाके जखमी झाला आणि ऑगस्टमध्ये रानात मारला गेला. राजाने त्याच्या देहाची विटंबना करून ती लोकांना दाखवली. आज त्याच विर्सेरूममध्ये डाकेचा पुतळा उभा आहे.

कर्जत तालुक्यातल्या कुणाला ही कथा परकी वाटेल? माथेरानात जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, यांनी सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यपेढ्या काढल्या. 1942 साली ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. 1542-43 आणि 1942-43! मध्ये बरोबर चार शतके. तेच रान, तोच शेतकरी. इतिहास स्वतःची पुनरावृत्ती करतो की नाही हे पंडितांनी ठरवावे. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

फरक आहे तो पुढचा. डाकेला राजाने देशद्रोही ठरवले होते. त्याच्या गावकऱ्यांनी ते नाव धुळीतून उचलून मोटारसायकलीवर बसवले. दर हंगामात हजारो तोंडे ते गर्जत असतात. आणि तिथले असे क्लब कुणा धनिकाच्या मालकीचे नसतात. ते सभासदांचे असतात. तिकिटे फाडणे, धावपट्टी सारखी करणे, कॉफी विकणे ही कामे गावकरी विनामोबदला करतात. मंगळवारी संध्याकाळी पोलंड-डेन्मार्कचे पगारी स्वार येऊन शर्यत खेळून जातात. पट्टीवरची माती मात्र गावच ओढून घेते.

शर्यतीचे वेड आमच्या भागालाही नवे नाही. भात कापून शेते मोकळी झाली की बैलगाड्यांच्या शर्यतींची चर्चा सुरू होते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलाला काठी, चाबूक लावायचा नाही, हे या अटींचे सार. खेळ टिकवायचा असेल तर त्याला नियमाचे कुंपण हवे, हेच स्पीडवेनेही सांगितले आहे. तिथेही अपघात होतात, स्वार दगावतात; पण जोखीम पत्करलेल्याचीच असते. बोरघाटात पावसाळी रविवारी आमची पोरे मोटारसायकली पिटाळतात तेव्हा जोखीम समोरून येणाऱ्या एसटीतल्या म्हातारीचीही असते. वेग हा तरुणपणाचा हक्कच आहे. त्याला आवार कुठे आहे, एवढाच प्रश्न.

गंमत म्हणजे आमच्या पोरांच्या वडलांनी आणि आजोबांनी ज्या 'जावा' गाड्या मिरवल्या, त्याच नावाशी हा खेळही बांधलेला आहे. चेकोस्लोव्हाकियातला स्पीडवेच्या गाड्या बनवणारा 'ईसो' कारखाना 1964 साली जावामध्ये विलीन झाला आणि कित्येक जगज्जेते त्या गाड्यांवर घडले. त्याच सुमारास आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यात जावा तयार होत होती. एकाच घराण्याच्या दोन सुना. एक धावपट्टीवर गेली, दुसरी बाजारहाट करीत राहिली.

कर्जत आणि खालापूर आता झपाट्याने बदलत आहेत. पहाटेची लोकल भरून पोरे मुंबईला जातात, रात्री झोपायला परततात. शेतांच्या जागी शहरवाल्यांचे बंगले येतात. अशा वेळी गाव म्हणजे नुसते स्टेशनचे नाव उरते. मोलिल्लाच्या पोरांनाही शहराची ओढ असणारच. पण त्यांना आपण कोण आहोत हे सांगायला एक मातीची पट्टी आणि एक नाव आहे. आमच्याकडे नाव आहे, माती तर अमाप आहे. एखाद्या तरुण मंडळाने यंदाच्या दिवाळीत मैदान आखून कबड्डीचा, सायकलींचा, वाटेल त्या खेळाचा संघ काढावा आणि त्याचे नाव 'कोतवालांची माणसे' ठेवावे. तिकिटे फाडायला मी बसेन.