हरताळाखालचें अक्षर

एखाद्यानें आपल्याच तत्त्वाविरुद्ध वर्तन केलें म्हणजे 'त्यानें तत्त्वास हरताळ फासला' असें आपण सहज म्हणून जातों. हा हरताळ दुकानें बंद करण्याचा नव्हे. पोथी लिहितांना अक्षर चुकलें, तर त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत, आणि तो वाळला म्हणजे त्याच जागीं शुद्ध अक्षर लिहीत. त्या क्रियेचें स्मरण या वाक्प्रचारांत राहिलें आहे. बोरू गेला, काजळाची शाई गेली. परंतु प्रत करतांना मूळच नाहींसें होण्याचें जें भय, तें मात्र गेलेलें नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत तें मला स्वतःच्या अनुभवानें कळलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रत करणें हें वरवर पाहतां बुद्धीचें काम वाटत नाहीं. समोर आहे तें पाहावें व तसेंच उतरावें. पण जुन्या पोथ्या चाळणारास ठाऊक असतें, कीं येथेंच सर्व घोटाळे होतात. जुन्या लेखनांत शब्द तोडून लिहीत नसत. 'प' आणि 'य', 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांचीं रूपें एकमेकांजवळचीं. एकच शब्द दोन ओळींत आला, तर लिहिणाराची दृष्टि पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेई आणि मधला मजकूर गळून पडे. याहून घातक प्रकार शहाण्या लेखकाचा. त्याला मूळ समजत नसे, म्हणून तो तें 'सुधारी'. आळशी लेखकाची चूक ओळखूं येते. शहाण्याची चूक मात्र शुद्ध पाठ म्हणून पुढच्या पिढीस मिळते.

याच कारणामुळें एकनाथांस ज्ञानेश्वरीची शुद्धि करावी लागली. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेला ग्रंथ तीन शतकांच्या आंत इतका पाठभेदांनीं भरला, कीं शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्यें पैठणास त्यांनीं प्रति ताडून पाहून शुद्ध पाठ ठरविला, आणि यापुढें यांत कोणीं आपली ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें. ज्याला स्वतः उत्तम ओवी रचतां येत होती, त्यानेंच असें बजावावें, यांत प्रतकाराचा सगळा धर्म आला.

वऱ्हाडाचा इतिहास याहून करुण आहे. ऋद्धिपुरास म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या लीळा परिश्रमानें गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें खालशाच्या धाडीत मूळ ग्रंथ नष्ट झाला असें पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना जेवढें पाठ होतें, त्यांनीं तेवढें स्मरून पुन्हा लिहिलें. एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले ते यामुळें. पुढें पंथानें सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपि योजिल्या. त्यामुळें ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या जगास कित्येक शतकें मुके झाले. त्यांचें कुलूप निघाल्यावर जीं माणसें या कामास लागलीं, त्यांत आमच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे अग्रभागीं होते. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ सालीं निघाला, आणि त्यांच्या शारदाश्रमामुळें या लहानशा गांवाचें नांव संशोधकांच्या तोंडीं आलें. नागपुरास ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्र छापण्यास आरंभ केला; वि. भि. कोलते यांची आवृत्ति १९७८ सालची. मूळ एक प्रत वेळीं दुसऱ्या ठिकाणीं ठेविली गेली असती, तर या पंडितांचे किती श्रम वांचले असते!

आतां माझी गोष्ट. जिल्ह्यांतल्या एका घरीं दोन पोथ्या होत्या. घरच्यांच्या परवानगीनें आम्हीं त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. प्रत्येक पोथीचीं चित्रें निराळ्या फोल्डरांत होतीं. पण दोहोंकडे फाइलींचीं नांवें एकपासूनच्या अंकांचीं. माझ्या एका हुषार विद्यार्थ्यानें पायथॉन भाषेंत दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि सर्व फाइली एका डिस्कवर उतरविल्या. काम क्षणांत झालें. कॅमेऱ्याचें कार्डहि आम्हीं मोकळें केलें. महिन्याभरानें पाहतों, तों डिस्कवर एकच पोथी! दुसरीची पहिली फाइल पहिलीच्या पहिल्या फाइलीवर बसली, दुसरी दुसरीवर, आणि याप्रमाणें शेवटपर्यंत. यंत्रानें कोठेंहि चूक केली नव्हती. प्रत कर असें सांगितलें, तें त्यानें केलें. त्या नांवाची फाइल आधीं असेल तर काय करावें, हें आम्हीं सांगितलेंच नव्हतें, आणि न सांगितल्यास ती जुनी फाइल मोडून नवी लिहावी, असाच त्या क्रियेचा नियम आहे. दोष विद्यार्थ्याचा नव्हे. नांवें कशीं द्यावीं हें मीं त्यास सांगावयास हवें होतें.

फाइलीची प्रत करणें हा या शास्त्रांतला अगदीं प्रारंभींचा धडा आहे. युनिक्स प्रणालींत १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यासाठीं स्वतंत्र आज्ञा आहे. कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरील १९७८ च्या पुस्तकांत पहिल्याच प्रकरणांत तो येतो: एक अक्षर वाच, शेवट आला नसेल तर तें लिही, पुन्हा वाच. बोरूवाल्या लेखकाचें काम याहून निराळें नव्हतें. १९९१ पासून प्रचारांत आलेल्या पायथॉनमध्यें तर प्रतीचे प्रकारहि आहेत. एक प्रकार केवळ मजकूर नेतो. दुसरा त्याबरोबर वाचण्यालिहिण्याचे अधिकारहि नेतो. तिसरा मूळ फाइल केव्हां बदलली ती वेळहि जपण्याचा यत्न करतो. इतकें करूनहि मालकी वगैरे कांहीं गोष्टी मागें राहूं शकतात, असा इशारा त्या भाषेच्या माहितीपत्रकांतच दिलेला आहे.

हें वाचतांना मला पोथीच्या शेवटच्या पानाची आठवण झाली. त्या पानावर लेखक शक, तिथि, गांव, आपलें नांव लिही. कित्येक वेळां ग्रंथसंख्याहि देई. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ अशा मापानें केलेली ही मोजणी लेखकाच्या मजुरीस उपयोगी पडे, आणि प्रत पुरी उतरली कीं नाहीं हेंहि तीवरून कळे. आज संगणक मूळ व प्रत या दोहोंच्या अंकमुद्रा काढून ताडून पाहतो, हेतु तोच. आमच्या पूर्वजांस यंत्र ठाऊक नव्हतें, पण प्रतीवर विश्वास टाकण्यापूर्वीं ती मोजावी, हें ठाऊक होतें. मीं मोजली नाहीं. दोन पोथ्यांच्या पानांची बेरीज आणि डिस्कवरील फाइलींची संख्या एवढेंच पाहिलें असतें, तरी कार्ड मोकळें करण्यापूर्वीं प्रमाद कळला असता.

ती पोथी तोंवर भावांच्या वाटणींत दुसऱ्या गांवीं गेली होती. पुन्हा पाहावयास मिळाली ती आठ महिन्यांनीं, आणि मधल्या पावसाळ्यांत शेवटचीं तीन पानें वाळवीनें खाल्लीं होतीं. ग्रंथ बहुतेक हातीं लागला. पण तो कोणीं, कोठें, कोणत्या शकांत उतरला, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. रात्रीं दिव्यापाशीं मान मोडून लिहिणाऱ्या त्या माणसानें आपलें नांव जेथें ठेविलें होतें, तेंच पान गेलें.

आतां आमच्याकडे नियम झाला आहे. फाइलीच्या नांवांत पोथीचें नांव आलेंच पाहिजे. त्या नांवाची फाइल आधीं असेल तर प्रोग्रामानें थांबावें. मोजणी जुळल्याखेरीज आणि दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं गेल्याखेरीज मूळास कोणीं हात लावूं नये. पोथीवरच्या हरताळाचा लेप कधीं खवल्यांनीं गळून पडतो आणि खालचें अक्षर पुन्हा दिसूं लागतें. आमच्या डिस्कवर त्या दिवशीं जो हरताळ फिरला, त्याच्याखालीं कांहीं उरलें नाहीं.