मुतखडा आणि आकड्यांचा वाद : १८३५ ते आज

१/१८
पॅरिस, १८३५. झाँ सिव्हिआल या शल्यचिकित्सकाने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मुतखड्याच्या हजारो रुग्णांची आकडेवारी ठेवली. किती जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील किती दगावले, याचा तो हिशेब होता. त्यातून एक प्रश्न उभा राहिला : हजारोंचे आकडे समोरच्या एका रुग्णाविषयी काही सांगू शकतात का? त्या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/१८
आज मुतखडा म्हटले की मूत्रपिंड किंवा मूत्रवाहिनीतील खडा डोळ्यांपुढे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र शल्यचिकित्सकांचा सामना मुख्यतः मूत्राशयातील खड्याशी असे. तो हाताच्या टप्प्यात होता आणि धातूची सळई मूत्रमार्गातून आत सरकवून, तिचा खड्यावर होणारा आवाज ऐकून ओळखता येत होता. मूत्रपिंडाच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते.

३/१८
या शस्त्रक्रियेची धास्ती फार जुनी आहे. मुतखड्यासाठी शस्त्र चालवणार नाही, ते काम त्यातील जाणकारांवर सोडीन, असे वचन हिपॉक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक शपथेतच आहे. वैद्याची प्रतिष्ठा पणाला लागावी इतकी ही क्रिया जोखमीची मानली जात होती.

४/१८
सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन आहे. मधल्या शिवणीपासून जवाएवढे अंतर सोडून डाव्या बाजूस छेद घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचा आहे इशारा : शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यश संशयास्पद, म्हणून अधिपतीची अनुमती घेऊनच हात घालावा. दोन धोके शेजारी ठेवून केलेली ही तुलनाच आहे. तिच्यात आकडे तेवढे नाहीत.

५/१८
ते आकडे अठराव्या शतकात लंडनमध्ये दिसतात. विल्यम चेसल्डेन हा सेंट थॉमस रुग्णालयातील शल्यचिकित्सक. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात कुशल शल्यचिकित्सक अवघ्या एक-दोन मिनिटांत खडा बाहेर काढी आणि चेसल्डेनची ख्याती त्यांत सर्वाधिक होती. रुग्णालयात त्याने शस्त्रक्रिया केलेल्या २१३ रुग्णांपैकी २० दगावले.

६/१८
चेसल्डेन एकूण आकड्यावर थांबला नाही. त्याने वयानुसार विभागणी दिली. दहा वर्षांखालील १०५ मुलांपैकी ३ मृत्यू. पन्नास ते साठ वयोगटातील ७ रुग्णांपैकी ४ मृत्यू. शल्यचिकित्सक तोच, पद्धत तीच. पण मुलाचा धोका आणि प्रौढाचा धोका यांत जमीन-अस्मानाचे अंतर. सरासरी कोणाची आहे, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही, याचा हा जुना पुरावा होय.

७/१८
आता पुन्हा पॅरिस. जानेवारी १८२४ मध्ये सिव्हिआलने छेद न घेता खडा फोडून दाखवला. मूत्रमार्गातून एक नळी आत जाई, तिच्या टोकाचे तीन पंजे उघडून खडा पकडत आणि मधले छिद्रक फिरवून त्याचा चुरा केला जाई. लघवीवाटे कण बाहेर पडत. भूल नव्हतीच, रुग्णाला जागेपणीच हे सारे सोसावे लागे, तेही अनेकदा एकाहून अधिक बैठकांत.

८/१८
शल्यचिकित्सकांत दोन तट पडले. जुन्या पद्धतीत हात बसलेल्यांना हे नवे यंत्र धोकादायक खेळणे वाटे. सिव्हिआलने वादाला वेगळीच दिशा दिली. त्याने युरोपभरातून छेदाच्या शस्त्रक्रियेची आकडेवारी गोळा केली आणि शेजारी खडा फोडण्याच्या पद्धतीचे आकडे मांडले. छेदाच्या पद्धतीत शंभरातील सुमारे १९ रुग्ण दगावत होते, तर नव्या पद्धतीत सुमारे २.

९/१८
अकादमीने तपासणीसाठी समिती नेमली. तीत संभाव्यताशास्त्राचा थोर गणिती प्वासाँ होता, भौतिकशास्त्रज्ञ द्यूलाँ होता, नेपोलियनच्या सैन्याचा ख्यातनाम शल्यचिकित्सक लारे होता आणि दूब्ल हा वैद्य होता. गणिती आणि वैद्य एकाच मेजाशी बसून रुग्णांच्या मृत्यूंचा हिशेब तपासत आहेत, हे दृश्य वैद्यकाच्या इतिहासात नवे होते.

१०/१८
समितीचा अहवाल सिव्हिआलच्या अपेक्षेप्रमाणे आला नाही. तिचा युक्तिवाद असा : संख्याशास्त्र माणसाचे वेगळेपण बाजूला सारते, कारण त्याशिवाय मोजणीच होत नाही. वैद्यापुढे मात्र नेहमी एकच माणूस असतो; त्याचे वय, प्रकृती, दुखणे सारे त्याचे स्वतःचे असते. शिवाय वैद्यकातील आकडे खात्रीने निष्कर्ष काढण्याइतके मोठे क्वचितच असतात.

११/१८
हा आक्षेप जुनाट मनोवृत्तीचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण त्यात तथ्य होते. फार मोठा किंवा फार कठीण खडा त्या यंत्राने फुटत नसे. असे रुग्ण छेदाकडेच जात. म्हणजे नव्या पद्धतीच्या वाट्याला तुलनेने सोपे रुग्ण येत होते. १९ आणि २ यांतील फरकात पद्धतीचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नव्हते.

१२/१८
पुढचा अध्याय भारतात घडला. १८७८ मध्ये बॉस्टनच्या हेन्री बिगेलोने, भुलीच्या आधाराने, एकाच बैठकीत खडा फोडून त्याचा चुरा शोषून काढण्याची रीत मांडली. लहान मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, म्हणून ही रीत त्यांना लागू नाही, अशी तेव्हाची समजूत होती. उत्तर व मध्य भारतात तर मूत्राशयाचा खडा मुलांनाच मोठ्या प्रमाणात होई. केवळ धान्यावर पोसल्या जाणाऱ्या निकृष्ट आहाराशी पुढे त्याचा संबंध जोडला गेला.

१३/१८
होळकरांच्या इंदूरमधील रेसिडेन्सी सर्जन डेनिस कीगन याने १८८० च्या दशकात लहान मुलांवर हीच रीत वापरली आणि आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्याच सुमारास उत्तर भारतात पीटर फ्रेयर याने या रीतीच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने केल्या. युरोपात दुर्मीळ असलेली रुग्णसंख्या येथे होती. ज्या गावखेड्यांतील मुलांमुळे पाश्चात्त्य वैद्यकाची समजूत बदलली, त्यांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत.

१४/१८
निदानाची कोंडी क्ष-किरणांनी फोडली. राँटगेनने १८९५ मध्ये त्यांचा शोध लावला आणि १८९६ मध्येच ग्लासगो येथे जॉन मॅकिंटायर याने मूत्रपिंडातील खड्याची प्रतिमा मिळवली. उपचारांतील मोठी उडी म्युनिकमध्ये पडली : फेब्रुवारी १९८० मध्ये ख्रिस्तियन शाउसी व सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून आघात-लहरी सोडून मूत्रपिंडातील खडा फोडला. हे तंत्र देणारी डॉर्निए ही कंपनी मूळची विमाने बनवणारी.

१५/१८
साधने बदलली, तरी १८३५ चा प्रश्न उरलाच. त्यावर विसाव्या शतकाने शोधलेले उत्तर म्हणजे यादृच्छिक चाचणी : कोणाला कोणता उपचार मिळणार हे वैद्याने न ठरवता चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवायचे. सोपे रुग्ण एकीकडे आणि अवघड दुसरीकडे, असे मग होत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत २,७५९ रुग्णांच्या अशाच चाचणीत दिसले की निदानाची सुरुवात सोनोग्राफीने केली काय किंवा सीटी स्कॅनने, गंभीर गुंतागुंतीत फरक पडत नाही. सोनोग्राफीने किरणोत्सर्ग मात्र कमी होतो.

१६/१८
मूत्रवाहिनीतील खडा औषधाने लवकर पडतो का? २००६ मध्ये नऊ छोट्या चाचण्यांतील ६९३ रुग्णांचे आकडे एकत्र करून उत्तर आले : होय, शक्यता ६५ टक्क्यांनी वाढते. टॅमसुलोसिन जगभर लिहून दिले जाऊ लागले. २०१५ मध्ये ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत एक हजाराहून अधिक रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. चार आठवड्यांत पुढील उपचारांची गरज न पडलेले रुग्ण : टॅमसुलोसिन गटात ८१ टक्के, औषधाविना नुसती गोळी घेतलेल्या गटात ८० टक्के.

१७/१८
प्रकरण येथेही मिटले नाही. २०१८ मध्ये चीनमधील ३,२९६ रुग्णांच्या चाचणीत, मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील खडे टॅमसुलोसिनने ८६ टक्के रुग्णांत पडले, तर नुसत्या गोळीने ७९ टक्के रुग्णांत. हा लाभ प्रामुख्याने ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यांत होता. म्हणजे एकूण सरासरी एक सांगते आणि विशिष्ट रुग्णांचा गट दुसरे. चेसल्डेनच्या वयोगटांची येथे आठवण व्हावी.

१८/१८
सिव्हिआलचे म्हणणे होते की मोजल्याशिवाय कळत नाही. समितीचे म्हणणे होते की मोजताना माणूस हरवतो. पुढच्या दोन शतकांनी दोघांचेही ऐकले. निवडीचा दोष जावा म्हणून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, संख्या अपुरी पडू नये म्हणून हजारो रुग्ण जमवले गेले आणि माणूस हरवू नये म्हणून खड्याचा आकार व जागा वेगळी मोजली गेली. सुश्रुतसंहितेतील वैद्य शस्त्र उचलण्यापूर्वी अनुमती मागत होता, कारण 'संशय' किती, हे त्याला सांगता येत नव्हते. आजचा डॉक्टर तो बऱ्याच अंशी सांगू शकतो. अनुमती मात्र आता राजाऐवजी रुग्णाची घ्यावी लागते.