बेवारस ठेवी

बँकेत एक चमत्कारिक प्रकार असतो. खात्यात पैसे असतात, पण खातेदाराचा पत्ता नसतो. दहा वर्षे कोणी फिरकले नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. सिनेमाच्या संगीताचेही तस्सेच आहे. चाल सगळ्यांच्या तोंडी, आणि धनी कोण म्हणून विचाराल, तर रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडपासून मांडवीपर्यंत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघणार!

सुरुवातीला हा घोळ नव्हता. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. संगीत गोविंदराव टेंब्यांचे, आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रही तेच! म्हणजे स्लिप लिहिणारा आणि पैसे भरणारा एकच इसम. सही जुळवायची भानगड नाही.

घोळ झाला तो १९३६च्या 'संत तुकाराम'पासून. संगीत केशवराव भोळ्यांचे. मुंबईत चित्रपट सत्तावन्न आठवडे चालला. त्यासाठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग रचला, तो इतका बेमालूम, की तो तुकोबांच्याच गाथेतला अशी भल्याभल्यांची समजूत झाली. कवीच्या कलेची याहून मोठी पावती कोणती? फक्त ती पावती दुसऱ्याच्या नावाने फाटली, एवढेच.

पुढच्याच वर्षी, १९३७ साली, 'कुंकू'त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच गाळून टाकले. घरात, रस्त्यात जे आवाज असतात तेवढेच ठेवले. त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले घड्याळ ज्याने ऐकले तो विसरणार नाही. नाहीतर हल्ली! नायकाने नुसती मान वळवली तरी चाळीस व्हायोलिने किंचाळतात. संगीत लक्षात राहायला त्याला कुठे गप्प बसायचे ते कळावे लागते. हे माणसांनाही लागू आहे, पण ते जाऊ दे.

आता आमचे वसंत देसाई. आमचे म्हणजे कुडाळकडच्या सोनवड्याचे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आम्ही अर्धी आंब्याची कलमे मुकाट्याने दिली, पण वसंतराव काही वाटणीत दिले नाहीत. १९५३च्या 'श्यामची आई'चे संगीत त्यांचे, आणि श्यामचे पालगड तर आमच्या दापोली तालुक्यातले. कागदपत्रे अगदी चोख आहेत!

या गृहस्थांनी १९५७च्या 'दो आँखें बारह हाथ'साठी एक प्रार्थना बांधली आणि १९७१च्या 'गुड्डी'साठी दुसरी. दोन्ही सिनेमांतून उठून थेट शाळेत गेल्या. पोरे हात जोडून, एक डोळा उघडा ठेवून त्या म्हणू लागली. ना पेटी, ना तबला. चालीची खरी परीक्षा इथेच असते. शंभर वादकांचा ताफा काढून घेतला आणि बेसूर पोरांच्या हवाली केली, तरी जी उभी राहते ती चाल. बाकीचा नुसता बँडबाजा.

२२ डिसेंबर १९७५ रोजी वसंतराव दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून घरी परतले आणि लिफ्टच्या अपघातात गेले. दुसऱ्या दिवशी कुठल्या ना कुठल्या शाळेत त्यांची प्रार्थना झालीच असणार. म्हणणाऱ्या पोरांना ती कोणाची ते ठाऊक नसणार, आणि बहुधा मास्तरांनाही.

आमचे हेडकॅशियर म्हणतात, "अहो, नाव विसरले म्हणजेच चाल अमर झाली!" असेल बुवा. पण लोकांची शिल्लक अमर होऊन खातेदार विसरला जातो, तेव्हा आम्ही बँकवाले त्याला चांगली गोष्ट म्हणत नाही. त्याचा शोध घेतो, दारावर याद्या लावतो.

तेव्हा तांदूळ निवडताना, एस.टी.त पेंगताना, खुशाल गुणगुणा. व्याज पडत नाही. फक्त शेजारच्या पोराने "कोणाची हो चाल?" विचारले, तर खातेदाराचे नाव तेवढे सांगा.