धनुष्याची सक्ती, पण मैदान कुणाचं?

ज्यांना लोकलमध्ये इयरफोन लावून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. ऐकताना जे 'म्हणजे, म्हणजे' झालं होतं ते काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सातारच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. तेव्हा ती फक्त १७ वर्षांची होती. तिच्या कंपाउंड प्रकारात निशाण ५० मीटरवर असतं, ऑलिंपिकच्या रिकर्व्हमध्ये ७० मीटरवर. आता तुमच्या सोसायटीत सरळ, मोकळे, अध्येमध्ये कुणी माणूस न येणारे ५० मीटर शोधून दाखवा. जिथे पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या बॉलने क्रिकेट खेळलं तरी नोटीस लागते, तिथे बाण तर सोडाच. मग प्रश्न पडतो, वस्तीत धनुष्यबाण चालवायचा की नाही हे ठरवणारे कायदे आले कुठून? शोधायला लागलो आणि थेट लंडनला पोहोचलो. तिथली गंमत अशी की सुरुवातीला कायदा उलटाच होता. धनुष्य चालवू नका असं नाही, चालवलंच पाहिजे असं तो सांगायचा.

साल १३६३. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड. १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत लाँगबो घेतलेल्या साध्या माणसांनी फ्रान्सच्या घोडेस्वारांची दाणादाण उडवली होती, त्यामुळे धनुष्य म्हणजे देशाची ताकद. राजाने फर्मान काढलं की धडधाकट माणसांनी सुट्टीच्या दिवशी नेमबाजीचा सराव करायचा. आणि फुटबॉल, हँडबॉल, कोंबड्यांच्या झुंजी असले टाइमपास बंद, नाहीतर तुरुंग. म्हणजे ज्या देशाने जगाला फुटबॉल दिला, तिथे फुटबॉल खेळणं गुन्हा होता, कारण रविवार धनुष्यासाठी राखीव होता.

राजे पुढेही असे हुकूम काढतच राहिले. (पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरून लोक किती ऐकत होते ते समजून घ्या.) सगळ्यात सविस्तर कायदा आला १५४१ मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात. मला हा कायदा वाचताना एखाद्या सॉफ्टवेअरचे स्पेसिफिकेशन वाचल्यासारखं वाटलं. मुलगा ७ ते १७ वर्षांचा असेल तर बापाने त्याला एक धनुष्य आणि दोन बाण द्यायचे. १७ ते ६० वयाच्या माणसाने स्वतःचं धनुष्य आणि चार बाण ठेवायचे. गावोगावी 'बट्स', म्हणजे मातीचे ढीग रचून निशाणाची जागा करायची. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम: २४ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने २२० यार्ड किंवा त्याहून जवळच्या निशाणावर बाण मारायचा नाही. मारला तर दंड.

२२० यार्ड म्हणजे साधारण २०१ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे एकापुढे एक दहा खेळपट्ट्या! सरकारला सैनिक हवे होते आणि युद्धात जवळून नेम मारून भागत नाही, लांब फेकता आलं पाहिजे. १५४५ मध्ये बुडालेलं हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यावरची सव्वाशेहून जास्त अखंड धनुष्यं मिळाली. ती ओढायला शंभर पौंडांच्या वर जोर लागत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजची ऑलिंपिकची धनुष्यं साधारण त्याच्या निम्म्यावर येतात.

आता हे असलं शस्त्र गावातल्या प्रत्येकाच्या हातात दिल्यावर काय होणार? अपघात. ऑक्सफर्डचे इतिहासकार स्टीव्हन गन यांनी त्या काळातल्या कोरोनरच्या, म्हणजे अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदी तपासल्या. त्यात निशाणाजवळ उभे राहून मेलेले लोक आहेत, बाण गोळा करताना मेलेले आहेत. एकाने तर आपली टोपी काढून मित्राला सांगितलं की मार यावर. पुढचं सांगायला नको.

मग धनुष्यावर बंदी आली का? नाही. उलट नेमबाजांनाच संरक्षण मिळालं. १५३७ मध्ये हेन्रीने लंडनच्या एका नेमबाज मंडळाला सनद दिली. आज ते 'ऑनरेबल आर्टिलरी कंपनी' म्हणून ओळखलं जातं. त्या सनदेत एक सवलत होती. मंडळाच्या सदस्याने ठरलेल्या निशाणावर बाण सोडण्याआधी 'फास्ट' अशी हाक दिली आणि तरीही कुणी मध्ये येऊन मेलं, तर सदस्यावर खुनाचा ठपका नाही. 'फास्ट' म्हणजे लवकर नव्हे, जागेवर थांबा. ब्रिटनमधल्या रेंजवर आजही धोका दिसला की हाच शब्द ओरडतात, आणि सगळे बाण खाली करतात.

म्हणजे जीव जाण्याची जबाबदारी बाण सोडणाऱ्यावर नाही, मध्ये येणाऱ्यावर. मला हे कलम खटकतं. पण त्या काळातलं त्यामागचं गणित कळतं: मैदान नेमबाजांचंच, येणारा पाहुणा. हे गणित चालायचं तर मैदान असायला हवं ना? खरा पेच तिथेच होता.

लंडनच्या उत्तरेला, तटबंदीबाहेर मूरफिल्ड्स आणि फिन्सबरीची मोकळी जमीन होती, आपल्याकडच्या गायरानासारखी. १४९८ मध्ये तिथल्या बागा मोडून नेमबाजांसाठी सपाट मैदान केलं गेलं. पण त्यापलीकडे इस्लिंग्टन, हॉक्स्टन, शोरडिच इथल्या लोकांनी शेतांना कुंपणं घातली, चर खणले. इतिवृत्तकार एडवर्ड हॉल लिहितो की तरुणांना बाण मारता येईना, म्हाताऱ्यांना फिरता येईना. कुणी गेलंच तर धनुष्य हिसकावून मोडायचे नाहीतर माणसालाच पकडायचे. बघा, सक्तीचा कायदा जागेवरच होता. नेमबाजी केली नाही तर राजा दंड करणार, आणि करायला गेलं तर जमीनवाला धनुष्य मोडणार.

१५१४ मध्ये हे फुटलं. लाकूड कातणारा एक कारागीर विदूषकाचा अंगरखा घालून शहरभर ओरडत फिरला की फावडी घ्या, कुदळी घ्या. लोक लोटले. थोड्याच वेळात कुंपणं जमीनदोस्त, चर बुजवलेले. राजाच्या मंत्र्यांनी महापौरांना बोलावून जाब विचारला. महापौरांनी अडचण सांगितल्यावर, तरुणांवर जरा लक्ष ठेवा एवढं बजावून त्यांनी प्रकरण मिटवलं. शेतं काही काळ मोकळी राहिली.

काही काळच. १५९८ मध्ये जॉन स्टो आपल्या लंडनच्या वर्णनात तक्रार करतो की मोकळी जागा बंद झाल्याने नेमबाज आता बोलिंगच्या गल्ल्यांत आणि जुगाराच्या अड्ड्यांत घुसतात. १६०५ मध्ये पहिल्या जेम्सने आयोग नेमला: शहरापासून दोन मैलांतली शेतं हेन्रीच्या काळात होती तशी नेमबाजीसाठी पुन्हा मोकळी करा. नंतर पहिल्या चार्ल्सनेही तसंच केलं. पण तोवर उशीर झाला होता. १५९५ मध्येच सरकारने ठरवलं होतं की लष्करी पथकांत धनुष्य नको, बंदूक हवी. धनुष्याची गरजच संपल्यावर त्यासाठी महागडी जमीन कोण मोकळी ठेवणार?

पुढे धनुष्य परत आलं ते श्रीमंतांच्या बागेत. १७८१ मध्ये सर अॅश्टन लीव्हर यांनी लंडनच्या ऐन मध्यात, लेस्टर हाऊसमध्ये नेमबाजांची संस्था काढली. घरामागच्या बागेतली नेमबाजी म्हणाल तर ही! ज्याच्याकडे मोठी बाग, तो खेळाडू. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी रस्ता उरला, आणि तिथे कायदा आला. १८३९ चा लंडनचा पोलीस कायदा आणि १८४७ चा इतर शहरांसाठीचा कायदा, दोन्हींत रस्त्यावर बेफिकिरीने बंदूक उडवणं, दगड किंवा इतर काही फेकणं गुन्हा ठरलं. धनुष्याचं नावही त्यात नाही. बाण आता 'इतर काही'मध्ये गेला! पाचशे वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी फुटबॉल बंद केला, तो दगडाच्या रांगेत येऊन बसला.

आजही इंग्लंडमध्ये धनुष्याला परवाना लागत नाही. बाण कुठे जाऊन पडतो, हा प्रश्न. अमेरिकेतही असंच दिसतं. तिथे बऱ्याच शहरांचे आपापले नियम असतात, आणि कधी राज्य शहराचे हात बांधतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर १९८१ नंतर शहराच्या हद्दीत आलेल्या भागात तुमची जमीन १० एकर किंवा जास्त असेल, दुसऱ्याचं घर १५० फुटांहून लांब असेल आणि बाण हद्दीबाहेर जाण्यासारखा नसेल, तर शहराला तुमच्यावर बंदी लावता येत नाही. डॅलस-ऑस्टिनला आपली कितीतरी मंडळी आहेत. फ्लॅट किंवा छोट्या प्लॉटवर राहत असाल तर हे कलम तुमच्यासाठी नाही. १० एकरवाल्याचा हक्क शाबूत, बाकीच्यांनी शहराचा नियम बघायचा. लेस्टर हाऊसची बाग आठवते की नाही?

जाता जाता एक व्हॉट्सअॅप-छाप फॉरवर्ड: 'इंग्लंडमध्ये आजही दर आठवड्याला दोन तास धनुष्य चालवणं बंधनकारक आहे.' खोटं आहे. तिथल्या लॉ कमिशनने असल्या अफवांचा समाचार घेतलाय. हेन्रीचा तो १५४१ चा कायदा शेवटी रद्द झाला १९६० मध्ये, आणि तोही जुगाराविषयीच्या नव्या कायद्याने. कारण तो ओळखला जायचा 'बेकायदा खेळांचा कायदा' म्हणून.

आणि फोन हातात आहेच, तर मॅप उघडा. लंडनमध्ये मूरगेट आणि ओल्ड स्ट्रीट स्टेशनांच्या मध्ये, सिटी रोडच्या कडेला एक हिरवा चौकोन दिसेल. ते आर्टिलरी ग्राउंड, त्या सनदवाल्या मंडळाचं, सतराव्या शतकापासून त्यांच्याच ताब्यात. १७४४ मध्ये तिथे केंट विरुद्ध ऑल इंग्लंड अशी गाजलेली क्रिकेट मॅच झाली. सॅटेलाइट व्ह्यू लावून झूम आउट करा, म्हणजे आजूबाजूला किती काँक्रीट आहे ते कळेल.