पैठणचे गाडीवान आणि नाझरेथचा येशू

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणहून अकीक दगडांनी भरलेल्या गाड्या भडोच बंदराकडे जात, असे ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरी ग्रंथ नोंदवतो. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य. ज्या रोमन साम्राज्यात हा माल पोहोचे, त्याच्या यहुदिया प्रांतात दोन-एक दशकांपूर्वी येशूला क्रुसावर चढवले गेले होते.

सातवाहन राजे आपल्याला नाण्यांवरून व नाणेघाटच्या लेखावरून ठाऊक आहेत. येशूचे ना नाणे, ना शिलालेख. म्हणून तो झालाच नाही, असे म्हणावे काय? त्या न्यायाने पैठणचा एकही गाडीवान इतिहासात उरणार नाही. कार्ल्याच्या लेण्यात सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे खरे. पण असे भाग्य विरळा.

गरिबाचा माग इतरांच्या लिखाणात घ्यावा लागतो. यहुदी इतिहासकार योसेफस याकोबाची ओळख येशूचा भाऊ अशी करून देतो. (त्याच्याच ग्रंथातील येशूवरच्या परिच्छेदात ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, असे बहुतेक अभ्यासक मानतात, तो जपून वापरावा.) ख्रिस्ती पंथाचा तिटकारा असलेला रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. ११६ च्या सुमारास लिहितो, की पिलाताने त्याला देहदंड दिला. या पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियात सापडला.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो क्रूसच. गुलामांना आणि बंडखोरांना दिला जाणारा तो मृत्यू लाजिरवाणा होता. अनुयायी आपल्या तारणहाराविषयी अशी कथा स्वतःहून कशाला रचतील? पुनरुत्थानापाशी मात्र इतिहासकाराची साधने थांबतात.