नाकपट्टा आणि लगामसाज
घोड्याच्या तोंडावरील साजात कानामागून जाणारा डोईपट्टा, कपाळपट्टा, गालपट्टे, नाकपट्टा, कडियाळे आणि हाती धरायची वादी येते. कपाळपट्टा आखूड असेल तर डोईपट्टा पुढे ओढला जाऊन कानांच्या मुळाशी रुततो. मग घोडा डोके झटकतो, कान पाडतो, साज चढवू देत नाही. त्यालाच सर्रास ‘अडेल’ म्हणतात.

सर्वाधिक वाद नाकपट्ट्याचा. तो करकचून आवळला की गालाची आतली बाजू वरच्या दाढांच्या धारदार कडांवर दाबली जाते. तोंड उघडणे, जीभ बाहेर काढणे या तक्रारीच्या खुणा दिसेनाशा होतात. अस्वस्थता मात्र तशीच राहते. ऑस्ट्रेलियात 2016 साली 12 घोड्यांवर झालेल्या प्रयोगात पट्टा आवळल्यावर हृदयाचे ठोके वाढले, चघळणे व गिळणे घटले. पट्टा काढताच दाबलेल्या हालचाली उसळून आल्या.

नाकाच्या हाडावर, मधोमध, दोन बोटे शिरावीत हा जुना संकेत आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयर्लंड, इंग्लंड व बेल्जियममधील 750 घोड्यांच्या पाहणीत तो जेमतेम 7 टक्के घोड्यांबाबत पाळलेला आढळला. 44 टक्क्यांच्या पट्ट्याखाली मोजपट्टीही शिरेना. बोटांची जाडी माणसागणिक वेगळी, म्हणून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2025 पासून ठरावीक मापकाने तपासणी सुरू केली.